मांडीवरील मूल : मोटारप्रवासातील बालसुरक्षा व आपले कर्तव्य

आपल्या व्यापारी वर्गात माल बांधण्याची शिस्त फार जुनी आहे. ट्रक वखारीतून बाहेर पडण्यापूर्वी पोत्यांवर ताडपत्री नीट ओढली आहे की नाही, दोरखंडाची गाठ आवळली आहे की नाही, हे पेढीचा मालक स्वतः उभा राहून पाहतो. तेलाचे डबे रचताना मध्ये फट राहू देत नाही, काचसामान पेंढ्यात बसविल्याशिवाय पाठवीत नाही. वाटेत खड्डे आहेत, घाट आहे, पुढचे वाहन अवचित थांबणार आहे, हे तो गृहीत धरूनच चालतो. परंतु हाच गृहस्थ रविवारी सहकुटुंब बाहेर निघाला म्हणजे सहा महिन्यांच्या नातवास मांडीवर घेऊन मोटारीच्या पुढील आसनावर बसतो आणि ‘चल रे’ म्हणून ड्रायव्हरला खूण करतो. माल बांधलेला आणि मूल मोकळे, अशी ही विसंगती आहे. ती माझ्या स्वतःच्या घरी कित्येक वर्षे चालू होती व तिचा पुरस्कर्ता मीच होतो, हे प्रथमच सांगून टाकतो; म्हणजे पुढील मजकूर उपदेशाच्या थाटात लिहिला आहे असा वाचकांचा ग्रह होणार नाही.

माझी कन्या व जावई न्यू जर्सीस असतात. गेल्या हिवाळ्यात ती उभयता आपल्या अकरा महिन्यांच्या मुलास घेऊन बेळगावी आली, तेव्हा सामानाबरोबर त्यांनी मुलाचे एक आसन आणले होते. सध्या सर्वत्र ज्यास ‘कार सीट’ म्हणतात तेच हे. मुलीने आल्या दिवशीच ते आमच्या मोटारीच्या मागील बाकावर पट्ट्याने आवळून बसविले, आणि तेही उलटे. म्हणजे मुलाचे तोंड मोटारीच्या मागच्या काचेकडे. घरात यावरून थोडी कुरबूर झाली. सौभाग्यवतींचे म्हणणे, “अगं, त्याला बिचाऱ्याला काही दिसणार तरी कसे?” माझे म्हणणे त्याहून मोठे होते. आजोबांच्या मांडीपेक्षा सुरक्षित जागा जगात कोणती, असा माझा सवाल होता. मुलगी म्हणाली, “अण्णा, तिकडे इस्पितळातून बाळाला घरी नेताना परिचारिकेने आधी हे आसन पाहिले, मगच आम्हांला सोडले. इथे रस्ते काय तिकडच्यापेक्षा चांगले आहेत?” या प्रश्नास उत्तर नव्हते, म्हणून मी गप्प राहिलो, पटले म्हणून नव्हे.

आम्ही कुंभोजला बाहुबलीच्या दर्शनास गेलो होतो. परत येताना अंधार पडला. दिवस ऊस तोडणीचे. निपाणी मागे टाकल्यावर महामार्गावर एक ट्रॅक्टर, त्याच्यामागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना तांबडी काच, अशा स्थितीत जवळजवळ थांबलेला आढळला. ड्रायव्हरने जिवाच्या आकांताने ब्रेक दाबला. मोटार थांबली, ट्रॉलीपासून हातभर अंतरावर. टक्कर झाली नाही, गाडीस ओरखडाही आला नाही. पण मागील काचेखालच्या फळीवर ठेवलेला स्टीलचा डबा माझ्या कानाजवळून येऊन पुढच्या काचेवर आदळला. सौभाग्यवतींनी पट्टा बांधला नव्हता. त्यांचे कपाळ पुढील आसनावर आपटून तीन टाके घालावे लागले. मी पुढे बसलो होतो व केवळ दंडाच्या भीतीने पट्टा लावला होता, म्हणून जागीच राहिलो. माझे दोन्ही हात मात्र माझ्या इच्छेविना डॅशबोर्डाकडे फेकले गेले होते. एरवी त्या हातांत काय असते, हे मला त्या क्षणी आठवले. मूल आपल्या आसनात जागे झाले, इकडे तिकडे पाहिले, आणि पुन्हा झोपले.

त्या रात्रीनंतर या विषयावर जे मिळेल ते मी वाचले व जाणत्यांस विचारले. त्याचा सारांश सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

प्रथम हिशेब पाहू, कारण हिशेब आपणांस लवकर पटतो. मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने चालली आहे असे धरू. हा वेग महामार्गाचा नव्हे, शहराबाहेरील साध्या रस्त्याचा आहे. या वेगाने मोटार सेकंदास सुमारे १४ मीटर जाते. ती एखाद्या झाडावर वा भिंतीवर आदळली तर गाडीचा पुढचा भाग चेपतो आणि पट्टा बांधलेल्या माणसाचे शरीर साधारण ६० सेंटिमीटर अंतरात थांबते. यास सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी वेळ लागतो. एवढ्या थोड्या अंतरात थांबावयाचे तर शरीरावर त्याच्या वजनाच्या सुमारे सोळा पट जोर येतो. म्हणजे दहा किलो वजनाचे मूल त्या क्षणी एकशे साठ किलोच्या ओढीने पुढे झेपावते. दीड क्विंटलहून अधिक भार, बसल्या जागी, दोन हातांनी, काहीही पूर्वसूचना नसताना पेलणारा हमाल आपल्या बाजारपेठेत मला तरी ठाऊक नाही. मग आईने वा आजोबाने तो पेलावा ही अपेक्षा कशी करावयाची? दुसऱ्या रीतीने सांगावयाचे तर ५० किलोमीटर वेगाने आदळणे म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून, खाली पडणे होय. गच्चीच्या कठड्याजवळ मूल गेले तर आपण ओरडतो.

मांडीवर घेणाराने स्वतः पट्टा बांधला नसेल तर स्थिती याहून भयंकर होते, कारण त्याचे साठ-सत्तर किलोचे शरीर त्याच जोराने पुढे जाते आणि डॅशबोर्ड व ते शरीर यांच्यामध्ये मूल सापडते. काही लोक एकच पट्टा स्वतःभोवती व मुलाभोवती मिळून घेतात. त्यात मोठ्या माणसाचा सारा भार मुलाच्या पोटावर व छातीवर पडतो. पुढील आसनासमोर हवेची पिशवी असेल तर तीही मुलास घातक ठरते. ती पिशवी मोठ्या माणसाच्या मापाने केलेली असते व फुगताना तिचा धक्का जबर असतो.

पट्ट्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. आज आपण जो पट्टा वापरतो, एक भाग कमरेवरून व दुसरा खांद्यावरून तिरका, तो १९५९ साली स्वीडनमधील व्होल्व्हो कारखान्यात नील्स बोलिन या अभियंत्याने सिद्ध केला. हे गृहस्थ पूर्वी विमानाच्या कारखान्यात वैमानिकास संकटकाळी बाहेर फेकणाऱ्या आसनांचे काम करीत असत. व्होल्व्होने या शोधाचे हक्क इतर कारखान्यांसाठी खुले ठेवले, ही गोष्ट व्यापाऱ्यांनी अवश्य लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे १९६७ साली बोलिन यांनी स्वीडनमधील सुमारे २८,००० अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि पट्ट्याने किती जीव वाचतात हे अंदाजाचे न राहता आकड्यांचे झाले. पट्टा बांधणे सक्तीचे करणारा जगातील पहिला कायदा १९७० साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने केला.

परंतु हा पट्टा मोठ्या माणसासाठी. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. तान्ह्या मुलाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या चौथ्या हिश्श्याइतके असते, मान कोवळी असते, कमरेची हाडे पट्टा धरून ठेवण्याइतकी घट्ट झालेली नसतात. मोठ्यांचा पट्टा लहान मुलाच्या गळ्यावरून व पोटावरून जातो. जेथे जावयाचा तेथून जात नाही. म्हणून निराळे आसन. पूर्वी अमेरिकेत मुलांची जी आसने मिळत ती केवळ मूल उंचावर बसावे, त्याला बाहेरचे दिसावे, त्याने चालविणाराला त्रास देऊ नये एवढ्यासाठी असत. संरक्षणाचा विचार त्यांत नव्हता. तो विचार स्वीडनच्या बेर्टिल आल्डमन या प्राध्यापकाने केला. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेलून बसतात, म्हणजे तो प्रचंड जोर साऱ्या पाठीवर वाटला जातो, हे त्यांनी पाहिले आणि मुलास मोटारीत उलट्या तोंडाने बसविण्याची कल्पना काढली. १९६४ साली अशा आसनाची व्होल्व्हो गाडीत चाचणी झाली. गाडी समोरून आदळली की उलट बसलेले मूल आसनाच्या पाठीतच दाबले जाते; डोके, मान व पाठ एकदम व एका रेषेत थांबतात. आमच्या मुलीने आसन उलटे का लावले, याचे उत्तर हे. सौभाग्यवतींनी विचारलेला प्रश्नही खरा आहे, मुलाला पुढचे दिसत नाही. पण अकरा महिन्यांच्या मुलाला मागचे झाड काय आणि पुढचे काय, दोन्ही सारखीच नवी.

आता ज्या प्रकरणामुळे मला हा लेख लिहावासा वाटला ते सांगतो. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात रॉबर्ट सँडर्स या नावाचे एक बालरोगतज्ज्ञ होते. रदरफर्ड या परगण्याच्या आरोग्यखात्याचे ते प्रमुख होते. मोटार अपघातात जाणाऱ्या मुलांचा प्रश्न हा त्यांना रोगाच्या प्रश्नासारखाच वाटे. गोवर वा घटसर्प यांची लस मुलास टोचतो, मग याची का नको, अशी त्यांची विचारसरणी होती. मुलास आसनात बांधलेच पाहिजे असा कायदा व्हावा म्हणून त्यांनी व त्यांच्या पत्नी पॅट यांनी विधिमंडळाच्या सभासदांच्या मागे सतत लकडा लावला. १९७६ साली विधेयक फेटाळले गेले. आईबापांनी आपले मूल कसे न्यावे यात सरकारने पडू नये, आणि गरिबांनी आसनाचा खर्च कोठून करावा, हे आक्षेप होते. दुसरा आक्षेप पोकळ नव्हता. पतिपत्नींनी पुन्हा उद्योग आरंभिला आणि १९७७ साली विधेयक संमत झाले. १ जानेवारी १९७८ पासून तो कायदा अंमलात आला. चार वर्षांखालील मुलांसाठी असा कायदा करणारे टेनेसी हे अमेरिकेतील पहिलेच राज्य.

मात्र विधेयक संमत होताना त्यात एक सवलत घुसडली गेली. मूल मोठ्या माणसाच्या हातांत असेल तर आसन नसले तरी चालेल, अशी ती सवलत होती. वरवर पाहता किती मायाळू कलम! आईच्या कुशीतील तान्हुल्यास कायद्याने कशास दूर करावे? सँडर्स यांनी मात्र त्या कलमास मूल चिरडणारे कलम असे नाव दिले व ते काढून टाकण्यासाठी पुन्हा तीन-चार वर्षे झगडले. १९८१ साली ते कलम रद्द झाले. मी स्वतः ज्या समजुतीवर ठाम होतो, तीच समजूत तेथील विधिमंडळात कायद्याचे रूप घेऊन बसली होती हे वाचून मला थोडी लाज वाटली आणि थोडा दिलासाही मिळाला. टेनेसीच्या पाठोपाठ इतर राज्ये निघाली आणि १९८५ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत असे कायदे झाले. सँडर्स २००६ साली वारले.

कायदा झाला म्हणून लोक लागलीच सुधारले असे मात्र नव्हे. कोणत्याही कायद्याचे असेच असते. खरे काम पुढे गावोगावच्या मंडळांनी केले, आणि आपल्यासारख्या संस्थेच्या दृष्टीने हाच भाग महत्त्वाचा आहे. अनेक ठिकाणी इस्पितळे, आरोग्यखाती व सेवाभावी क्लब यांनी आसने उसनी देण्याचे भांडार काढले. बाळंतीण घरी निघाली की तिला नाममात्र भाड्याने वा अनामत घेऊन आसन द्यावयाचे, मूल मोठे झाले की ते परत घ्यावयाचे आणि पुढच्या मुलास द्यावयाचे. गरिबांचा खर्चाचा आक्षेप असा निवारला गेला. १९८८ साली वॉशिंग्टनच्या बालरुग्णालयातील शल्यविशारद मार्टिन आयकेलबर्गर यांच्या पुढाकाराने ‘सेफ किड्स’ ही चळवळ निघाली. तिचे कार्यकर्ते दुकानांच्या व पाठशाळांच्या आवारात मेळावे भरवून येणाऱ्या प्रत्येक मोटारीतील आसन तपासतात आणि आईबापांच्याच हातून ते नीट बसवून घेतात. अशा कार्यकर्त्यांसाठी रीतसर शिक्षणक्रम व परीक्षाही तेथे आहे.

अशा तपासणीची आवश्यकता काय, असे कोणास वाटेल. २००४ साली अमेरिकेच्या रस्ते-वाहतूक सुरक्षा खात्याने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शेकडा सुमारे ७३ आसनांच्या वापरात काही ना काही गंभीर चूक आढळली. पट्टा सैल, आसन डुगडुगते, मूल लवकरच पुढच्या तोंडाने बसविलेले, असे प्रकार. आसन विकत घेणे म्हणजे औषध घरी आणणे. ते पोटात जावयास हवे. योग्य रीतीने वापरले तर मात्र लाभ निर्विवाद आहे. त्याच खात्याच्या हिशेबाप्रमाणे मोटारीतील एक वर्षाखालील मुलाच्या मृत्यूचा संभव आसनामुळे शेकडा ७१ ने व एक ते चार वर्षांच्या मुलाचा शेकडा ५४ ने कमी होतो.

२००१ साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या एका मंडळाने अशा सर्व सामाजिक उपक्रमांचे पुरावे एकत्र तपासले. त्यांचा निष्कर्ष आपल्या कार्यकारिणीने भिंतीवर लावावा असा आहे. कायद्याने मुलांचा मृत्यू घटतो याचा भक्कम पुरावा सापडला. आसन प्रत्यक्ष हाती देणे आणि त्याचबरोबर ते वापरण्यास शिकविणे, या जोडीचाही भक्कम पुरावा सापडला. गावभर माहितीची मोहीम व त्याच वेळी पोलिसांची कडक अंमलबजावणी, तसेच शिक्षणासोबत बक्षीस वा सवलत, हेही उपाय पुरेशा पुराव्याने सिद्ध झाले. परंतु नुसते शिक्षण, म्हणजे व्याख्यान, पत्रक, भित्तिचित्र एवढेच, यांचा उपयोग होतो असे म्हणण्यास पुरेसा पुरावा मिळाला नाही. आपण सभा भरवितो, पाहुण्यांचे भाषण करवितो, हार घालतो, अल्पोपाहार होतो आणि मंडळी त्याच मोटारीतून मूल मांडीवर घेऊन घरी जातात. हा लेखदेखील त्याच वर्गात मोडतो, याची मला जाणीव आहे. म्हणून शेवटी एक व्यवहाराची सूचना करणार आहे.

आपल्याकडील कायद्याचीही माहिती असू द्यावी. पट्टे बसविलेल्या मोटारीत चालविणारा, त्याच्या शेजारी बसणारा व मागील बाकावर पुढे तोंड करून बसणारे अशा सर्वांनी ते बांधावेत, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. मागे बसणाराला सूट आहे ही केवळ समजूत. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने घातलेले १९४-ब हे कलम १ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे. पट्टा न बांधल्यास एक हजार रुपये दंड, आणि चौदा वर्षांखालील मुलास पट्ट्याने वा बाल-आसनाने न बांधता गाडी चालविणारास अथवा चालवू देणारास तितकाच दंड, असे त्यात म्हटले आहे. ‘चालवू देणारास’ हे शब्द गाडीच्या मालकाने लक्षपूर्वक वाचावेत. ड्रायव्हर ठेवला म्हणजे जबाबदारी त्याची, असे म्हणता येणार नाही. दुचाकीवर नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलास सुरक्षा-पट्टा व शिरस्त्राण घालावे व वेग ताशी ४० किलोमीटरहून अधिक नसावा, असा नियम २०२२ साली जाहीर होऊन फेब्रुवारी २०२३ पासून अंमलात आला आहे. आपल्या पेठेत सकाळी शाळेच्या वेळी स्कूटरच्या पायरीवर उभे असलेले मूल दर दहा घरांआड दिसते, तेव्हा या नियमाची वार्ता फार थोड्यांस पोहोचली असावी.

मागील बाक सुरक्षित, पट्टा पुढच्यांसाठी, ही समजूत किती महाग पडते याचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी अहमदाबादहून मुंबईकडे येणाऱ्या महामार्गावर पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीस अपघात झाला. गाडी उत्तमांतील उत्तम. पुढे बसलेली दोघे जखमी झाली पण वाचली. मागे बसलेले दोघे, मिस्त्री व त्यांचे सहप्रवासी, मृत्यू पावले. मागील दोघांनी पट्टे बांधले नव्हते असे तपासात सांगण्यात आले. त्यानंतर काही दिवस सर्वत्र मागचे पट्टे शोधले गेले. आमच्या घरीही शोधले. ते गादीच्या फटीत, पांढऱ्या कव्हराखाली सापडले. पुढे कव्हर धुऊन आले आणि पट्टे पुन्हा खाली गेले.

आसन निवडताना काय पाहावे? किंमतीपेक्षा आधी चिठ्ठी पाहावी. भारतीय प्रमाण एआयएस-०७२ अथवा युरोपीय प्रमाण आर-४४ वा आर-१२९ यांचा शिक्का असलेलेच आसन घ्यावे. बाजारात कापडी, गादीसारखी, पट्टे शिवलेली स्वस्त आसने मिळतात. त्यांवर असा शिक्का नसेल तर ती खेळणी समजावीत. मूल जन्मल्यापासून उलट्या तोंडाने बसवावे आणि आसनाच्या वजन-उंचीच्या मर्यादेत जितके दिवस बसेल तितके दिवस तसेच ठेवावे. निदान दोन वर्षांपर्यंत. पुढे हवेची पिशवी चालू असलेल्या आसनावर उलटे बाल-आसन कदापि ठेवू नये. त्यानंतर पाच पट्ट्यांचे पुढील तोंडाचे आसन. ते लहान पडू लागले की मुलास उंच करणारी बैठक, ज्यास बूस्टर म्हणतात, ती द्यावी. यायोगे मोठ्यांचा पट्टा मुलाच्या खांद्याच्या मध्यावरून व मांड्यांच्या वरच्या भागावरून जातो. उंची सुमारे १४५ सेंटिमीटर होईपर्यंत ही बैठक हवी. पाचवी-सहावीतल्या मुलास ते अपमानास्पद वाटते, हे मी पाहिले आहे. आमच्या थोरल्या नातवाने दोन दिवस अबोला धरला होता.

बसविल्यावर आसन पट्ट्याजवळ धरून हलवून पाहावे. बोटाच्या दोन पेरांपेक्षा कमी, म्हणजे अडीच सेंटिमीटरहून अधिक हलता कामा नये. मुलाच्या खांद्यावरील पट्टा चिमटीत धरता आला तर तो सैल आहे असे समजावे. जाड स्वेटर वा दुपटे पट्ट्याखाली नको; बांधून झाल्यावर वरून पांघरावे. बऱ्याच नव्या गाड्यांत आसन अडकविण्यासाठी ‘आयसोफिक्स’ नावाची लोखंडी कडी बाकाच्या सांध्यात बसविलेली असतात, ती शोधावीत.

अडचणी आहेत, त्या मी नाकारीत नाही. आपली कुटुंबे एकत्र राहणारी. लग्नास निघावयाचे तर एका गाडीत सात-आठ माणसे, वर सामान. दोन आसने बसविली की मोठी माणसे बसणार कोठे? याला सरळ उत्तर एकच, दुसरी गाडी करावी अथवा काहींनी बसने यावे. दुसरी अडचण घरातील वडीलधाऱ्यांची. सून आसनाचा आग्रह धरते, सासऱ्यांस ते आपल्या मांडीचा अव्हेर वाटतो, आणि सून गप्प बसते. येथे बदलावयाचे ते सासऱ्यांनी. मी बदललो, त्यास तीन टाके लागले, तेही दुसऱ्याच्या कपाळावर. तिसरी अडचण मुलाच्या रडण्याची. पहिले तीन-चार प्रवास मूल रडते, हे खरे. कडेवरची सवय झालेले मूल तर फार रडते. जन्मल्या दिवसापासून बसविलेले मूल रडत नाही, कारण त्याला दुसरे काही माहीतच नसते.

आता ती व्यवहाराची सूचना. आपल्या संघाच्या कचेरीत एक खोली वर्षभर रिकामी असते. तेथे बाल-आसनांचे भांडार काढावे. चांगल्या आसनास काही हजार रुपये पडतात आणि तान्ह्या मुलाचे आसन वर्ष-दीड वर्षात लहान होते. मग ते माळ्यावर धूळ खात पडते. दहा आसनांनी आरंभ करावा. सभासदाने अनामत भरावी, नोंदवहीत सही करावी, मूल मोठे झाले की आसन धुऊन परत करावे व अनामत घेऊन जावी. शिल्लक मालाप्रमाणे त्याची वर्षाअखेर मोजदाद व्हावी. यात दोन नियम मात्र कडक हवेत. अपघातात सापडलेले आसन, वरून धड दिसले तरी, पुन्हा कोणास देऊ नये. आतील साचा तडकलेला असू शकतो. आणि कारखान्याने घातलेली मुदत संपलेले आसन मोडीत काढावे, दान म्हणून कोणास देऊ नये. जुने आसन घेताना देणाराने ते अपघातात नव्हते असे लिहून द्यावे. ज्याचा इतिहास ठाऊक नाही ते आसन घेऊच नये.

आसन देताना ते तेथल्या तेथे त्याच मोटारीत बसवून दाखवावे, आणि मग काढून सभासदाच्या हातून पुन्हा बसवून घ्यावे. याला दोन माणसे शिकलेली हवीत. महिला शाखेतील भगिनींनी हे काम अंगावर घेतल्यास उत्तम. माझ्या कन्येने गेल्या खेपेस आमच्या शेजारच्या तिघींना अर्ध्या तासात ते शिकविले. पर्युषणानंतरच्या एखाद्या रविवारी सर्व सभासदांच्या गाड्या संघाच्या आवारात आणवाव्यात, मागील बाकाचे पट्टे कव्हराबाहेर काढावेत, ते ओढून, अडकवून पाहावेत. सभासदांच्या ड्रायव्हरांनाही त्या दिवशी बोलवावे, आणि सर्वांनी पट्टा बांधल्याखेरीज गाडी सुरू करू नये अशी मुभा त्यांस मालकाच्या तोंडून, सर्वांसमक्ष मिळावी. ड्रायव्हर स्वतः होऊन शेटजींना पट्टा बांधा असे म्हणणार नाही.

पहिल्या दोन आसनांचा खर्च मी देतो. आमच्या नातवाचे आसन परत अमेरिकेस गेले, तेव्हा ते देता येत नाही. ज्यांच्या घरी शिक्का असलेले, मुदतीत असलेले व अपघातात न सापडलेले आसन पडून असेल त्यांनी ते येत्या वार्षिक सभेस येताना बरोबर आणावे व चिटणिसांकडे नोंद करून द्यावी.